इंजिन कसं सुरू झालं

इंजिन कसं सुरू झालं, हे मला आजवर कुणी विचारलं नाही. विचारायची गरजच पडली नाही कुणाला. ते कसं सुरू झालं हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं — निदान तसं त्यांना वाटत होतं, आणि मी वाटू दिलं. आता त्यातलं कुणी राहिलं नाही. इंजिनही भंगारात गेलं. पण अजून कुठल्या शिवारातून तसले ठोके कानावर आले की मी हातातला घास खाली ठेवतो. बायकोनं कितीदा विचारलं, काय होतं तुम्हाला? मी म्हणायचो, पित्त. पोरांनाही पित्तच सांगितलं. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं. पण नाही जात. सुरुवात कुठून करू?

इंजिनापासून करतो. ते त्यातल्या त्यात सोपं आहे.

आमचं गाव वसमतच्या अलीकडे. तेव्हा निजामाचं राज्य होतं आणि तिकडे दूर कुठे तरी मोठी लढाई चालली होती. आम्हाला ती लढाई कळायची ती रॉकेल आणि पेट्रोल मिळेनासं झालं म्हणून. विहिरीखाली आमची हळद. विहिरीवर मोट, आणि मोट हाकायचा माझा थोरला भाऊ. तो हिवतापानं गेला. मग मोट माझ्याकडे आली — आणि खरं सांगू? मला मोट हाकता येत नव्हती. भरलेली मोट वर येताना बैल उताराला लागत, तोवर ठीक. पण रिकामी मोट खाली सोडताना त्यांना मागे-मागे चालवत आणायचं, तेव्हा माझं काळीज लटलटायचं. बैल विहिरीत जाणार, मी जाणार, सगळंच जाणार, असं वाटायचं. हे मी कुणाला बोललो नाही. मी म्हणू लागलो, आता मोटेचे दिवस गेले, आता इंजिन पाहिजे. भित्रा माणूस सुधारणेच्या गोष्टी फार करतो, हे मला माझ्यावरूनच कळलं.

हिंगोलीला कापूस घेऊन गेलो की जिनिंगमधलं इंजिन बघत मी तासन्‌तास उभा राहायचो. तिथंच एक लहानसं, कुणी तरी वापरून काढून टाकलेलं इंजिन विकाऊ आहे असं कळलं. पेट्रोलवर सुरू करायचं, तापलं की रॉकेलवर सोडायचं. मी घरी येऊन आबांच्या मागं लागलो. आबा ऐकेनात. असलं लोखंड आपल्याला काय कळणार, म्हणाले. तेव्हा आतल्या दाराआडून वैनी बोलली. माझी थोरली वहिनी. भावामागं ती आमच्याच घरी राहिली होती, पोटी लेकरू नव्हतं. सासऱ्यासमोर ती कधी बोलायची नाही. त्या दिवशी बोलली.

“मामंजी, घ्या ते इंजान. बापूला जमतंय.”

बापू म्हणजे मी. ती लग्न होऊन आली तेव्हा मी थुंकीनं पाटी पुसणारं पोरगं होतो. तेव्हापासून तिच्या तोंडी माझं हेच नाव. स्वतःसाठी तिनं कधी काही मागितलं नव्हतं, म्हणून असेल, पण आबांनी तिचं ऐकलं. मोटेची चाकं काढली, त्याच जागी पाइप विहिरीत उतरवला. कातडं देऊन टाकलं, मोटेचे बैल विकले. परतीचा रस्ता राहिला नाही, आणि मला त्याचाच आनंद झाला होता.

इंजिन बसवायला जिनिंगचा मिस्त्री आला. त्यानं मला शिकवलं ते एवढंच — “तेल होना, आग होना, दाब होना. तीनों बराबर, तो इंजन बराबर.” आणि जाताना बजावलं की आत कचरा जाऊ देऊ नको, खडा गेला तर आतलं सगळं खरवडून निघेल. ती गोष्ट मी मनावर घेतली. फार मनावर घेतली.

वैनी इंजिनाला ‘बापूची नवरी’ म्हणायची. माझं लग्न व्हायचं होतं. सकाळी मी इंजिनाच्या खोलीवरून जेवायला आलो की भाकरी वाढताना हळूच विचारायची, “उठली का नवरी? का रुसली?” माय तिच्याकडे बघायची, की ती गप्प व्हायची. विधवा बाईनं हसू नये असं मायचं म्हणणं नव्हतं. पण हसलेलं तिला बघवायचंही नाही. मायचा लेक गेला होता, हे विसरून मायविषयी काही बोलू नये.

त्या वर्षी पाऊस लवकर पाठ फिरवून गेला. दसऱ्याच्या आधीच जमीन भेगाळू लागली. हळदीला तर नेमकं तेव्हाच पाणी लागतं, खाली कंद भरायचे असतात. पण आमच्याकडे खंडेनवमीला कामाची हत्यारं पुजायची आणि दसरा होईस्तोवर त्यांना हात लावायचा नाही, अशी रीत. नांगर, विळे, कुऱ्हाड, सगळं धुऊन मांडायचं. आता त्यात इंजिन आलं. इंजिनाची पहिलीच पूजा! मला केवढा हुरूप होता. आदल्या दिवशी मी हळदीला भरपूर पाणी सोडलं, इंजिन थंड केलं, आणि ठरवलं की इंजिनाची खोलीही चुन्यानं पांढरीशुभ्र करायची.

चुना मारायला मजूर मिळेना. मी वैनीला हाक मारली.

हे वाक्य लक्षात ठेवा. मी हाक मारली. ती आपणहून आली नव्हती.

तिनं कासोटा खोचला, भिंतींना चुना मारायला घेतला. छताजवळचा जुना चुना खपल्या धरून खाली पडत होता. इंजिनावर मी पोतं टाकलं होतं, पण बाजूला हवेची नळी असते — त्यातून इंजिन श्वास घेतं — ती पोत्याबाहेर राहिली होती. माझ्या ध्यानात आलं नाही. तिच्या आलं. म्हणाली, बापू, ह्या नळीत खपल्या पडतील. आणि जुन्या लुगड्याच्या डोक्यावरच्या पदराची एक पट्टी टरकन फाडून माझ्या हातात दिली. मी तिचा बोळा केला आणि नळीत कोंबला. नळीचं तोंड जरा आडवं होतं, बोळा पडू नये म्हणून बोटानं चांगला आत सारला. मिस्त्रीनं सांगितलं होतं ना, कचरा जाऊ देऊ नको!

दुसऱ्या दिवशी पूजा. वैनी अर्थातच पूजेला नव्हती, ती स्वयंपाकघरात. मायनं इंजिनाला हळदीकुंकू वाहिलं, टाकीला, चाकाला झेंडूच्या माळा घातल्या. एक माळ नळीलाही गुंडाळली. नळीचं तोंड फुलांआड गेलं. आबांनी नारळ फोडला. आणि मी — मी त्या बोळ्याविषयी साफ विसरलो. साफ. ह्यात लबाडी नव्हती. ह्या एका गोष्टीत तरी नव्हती.

दसरा झाला. दुसऱ्या सकाळी मी पेट्रोलचा नळ उघडला, हँडल लावलं, फिरवलं. इंजिन सुरू झालं नाही.

पुन्हा फिरवलं. नाही. एकदा भक् करून थोडा धूर आला, तेवढाच. मला हसू आलं. नवरी रुसली म्हणायची. मग घाम आला. मग मिस्त्रीचे तीन शब्द म्हणत एकेक गोष्ट तपासायला लागलो. तेल? पेट्रोलची नळी सोडून बघितली, पेट्रोल स्वच्छ ठिबकत होतं. आग? प्लग काढला, त्याची वायर जोडूनच इंजिनाच्या डोक्यावर आडवा ठेवला, चाक फिरवलं — टिच्‌ करून निळी ठिणगी पडली. दाब? चाक हातानं फिरवताना एका जागी असं अडायचं आणि मागं ढकलायचं की मनगट दुखावं. तेल बराबर, आग बराबर, दाब बराबर. मग इंजिन का बराबर नाही?

दरवेळी प्लग ओला निघायचा, पेट्रोलनं भिजलेला. तेवढ्यावरून कळायला पाहिजे होतं. पेट्रोल आत जातंय, ठिणगी पडतेय आणि जळत मात्र नाही — तर काय कमी आहे? आज एखादं शाळकरी पोरगं सांगेल. मला वाटलं, पेट्रोलच जास्त होतंय. नळ कमी केला. मग वाटलं, पेट्रोलात पाणी असेल. ते फडक्यातून गाळलं. प्लगची टोकं घासली, चुलीशेजारी वाळवला. ठिणगी पाडणारं मॅग्नेटो उघडलं, पुसलं, लावलं. लावताना एक स्क्रू जमिनीवरच्या भुशात पडला आणि तो शोधण्यात अख्खी दुपार गेली. पेट्रोलची बाटली रोज खाली जात होती. दुसरी मिळायची तर तहसिलात परवान्यासाठी हेलपाटे घालावे लागणार. आणि रानात हळदीची पानं कडेनं गुंडाळायला लागली होती.

तुम्ही म्हणाल, मिस्त्रीला का नाही बोलावलं? आबाही तेच म्हणाले. मी म्हणालो, गरज नाही, माझ्या ध्यानात आलंय, उद्या होतंय. काहीच ध्यानात आलं नव्हतं. पण मिस्त्री येणार, बघणार, गावातली माणसं भोवती उभी राहणार आणि मोटेचे बैल विकायला लावणाऱ्या ह्या शहाण्याला काही कळत नाही हे सगळ्यांसमोर उघडं पडणार — ते मला हळद वाळण्यापेक्षा भयंकर वाटत होतं. हे ऐकायला कसं वाटतं, मला माहीत आहे.

तुम्ही असंही म्हणाल, सगळं उघडून बघितलंस, मग ती नळी का नाही बघितली? माळांमुळे. मायनं बजावलं होतं, वाहिलेली पूजा इंजिन चालू झाल्याशिवाय उतरवायची नाही, देवाचं अर्धवट ठेवायचं नाही. मी प्लगजवळची फुलं तेवढी बाजूला सारली होती. नळीवरची माळ तशीच वाळत राहिली.

मग एक दिवस माय खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. आत आली नाही. बाहेरूनच म्हणाली, “काहून असं होऊन राहिलं रे? पूजेच्या आदी हितं कुणाचा पाय लागला?”

मला तिच्या आवाजात राग ऐकू आला नाही. भीती ऐकू आली. एक लेक गेला, आता हे — अशी भीती. आणि मी प्लग पुसत, मान वर न करता म्हणालो, “वैनी आलती. चुना माराया.”

खोटं आहे का ह्यात काही? एक अक्षर नाही. फक्त ‘मी बोलावलं म्हणून’ एवढं मी बोललो नाही. माय तशीच माघारी गेली. मला उलट हलकं वाटलं, हे सांगायलाच पाहिजे. इंजिन बंद असण्याला आता माझ्याशिवाय दुसरं एक कारण मिळालं होतं.

हाच तो गुन्हा, असं तुम्हाला वाटलं असेल. हा नाही. थांबा.

घरात बोलणं सुरू झालं. कुणी मोठ्यानं काही म्हणत नव्हतं, पण वैनीचं विहिरीकडे जाणं बंद झालं. मग तिनं पाण्याचा हंडा उचलला तरी माय पुढं होऊन तो काढून घ्यायची. एकदा मी जेवत असताना वैनी आतल्या दाराशी आली आणि घाईघाईनं म्हणाली, “बापू, त्या नळीतलं —” माय कडाडली, “त्या इंजानाचं नाव काढू नको बाई!” वैनी मागं सरली. ती काही तरी सांगायला आली होती हे मला कळलं होतं. ‘नळी’ हा शब्द मी ऐकला होता. मी ताटावरून उठलो, हात धुतला आणि रानात निघून गेलो. तिच्याकडे बघायची लाज वाटत होती म्हणून गेलो. त्या वेळी नुसतं “काय म्हणतेस वैनी?” एवढं विचारलं असतं तर?

शेवटी आबांनी तोडगा काढला. आबा वाईट नव्हते, पण हळद रोज बघून येत होते आणि रोज कमी बोलत होते. सुनेला समोर बोलावून म्हणाले, “थोडे दिस म्हायेरी जाऊन ये, पोरी. घरात शांती होऊ दे. इंजान चालू झालं की दुसऱ्या दिशी गाडी धाडतो.” तिचं माहेर कळमनुरीकडे. आईबाप नव्हते. भाऊ होता, भावजय होती, आणि त्या घरात एक खाणारं तोंड वाढलं की काय होतं हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. वैनी रडली नाही. तिनं एवढंच विचारलं, “चालू झालं की आणताल ना?” आबा म्हणाले, “व्हय. शब्द हाय.”

सकाळी गाडी जुंपली. सालगडी मारुती गाडी हाकायला. माय ओटी भरू शकत नव्हती, म्हणून तिनं एका फडक्यात भाकरी आणि गूळ बांधून दिला. वैनी गाडीत बसली. मी बैलांच्या जवळ उगाच जोखड चाचपत उभा. माय आत गेली, तशी वैनी गाडीच्या कडेवरून वाकली आणि हलक्या आवाजात म्हणाली —

“बापू, त्या नळीतलं फडकं काढलं व्हतं ना तुमी?”

आता सांगतो. ऐका.

मला त्या क्षणी सगळं कळलं. लुगड्याची पट्टी, बोळा, बोटानं आत सारलेला, वर माळ.  तेल आहे, आग आहे, दाब आहे, आणि हवा नाही! इतके दिवस मी त्या इंजिनाचं नाक दाबून धरलं होतं. मी तोंड उघडलं. माय दाराआड चार पावलांवर होती, आबा ओट्यावर होते. “थांबा, गाडी सोडा, माझंच चुकलं” — एवढंच म्हणायचं होतं. ते हसले असते. गाव वर्षभर हसलं असतं. त्यापलीकडे काय झालं असतं? काही नाही.

मी म्हणालो, “व्हय. त्याच दिशी काढलं.”

वैनीनं माझ्याकडे बघितलं.  मग म्हणाली, “मग बरं.” आणि पदर सावरून सरळ बसली. मारुतीनं बैलांना हाक दिली.

गाडी वेशीबाहेर पडेपर्यंत मी जागचा हललो नाही. मग आधी चालत, मग पळत विहिरीवर गेलो. माळ तोडली. नळीत बोट घातलं — बोळा होता. ओढून काढला. पेट्रोलचा वास, चुन्याची भुकटी, आणि तो लुगड्याचा विटका रंग. तो हातात धरून मी उभा होतो. गाडी अजून ओढ्यापर्यंतही पोचली नसणार. बैलगाडीच ती, धावत गेलो असतो तर सहज गाठली असती. की इंजिन आज सुरूच करू नये? पडू द्यावं बंद आठ दिवस, मिस्त्रीला बोलवावं, त्याच्या हातून सुरू होऊ द्यावं, म्हणजे तिच्या जाण्याचा आणि ह्याचा संबंध लागणार नाही — हेही सुचलं. बघा, सुचत सगळं होतं. वाटा दोन होत्या आणि दोन्ही मोकळ्या होत्या.

मी पाटाच्या कडेचा चिखल उकरला, बोळा त्यात पुरला, वर पाय दिला. आणि हँडल लावलं. का लावलं? मला बघायचं होतं. खरंच तेवढंच होतं का, मी बरोबर ओळखलं का, हे बघितल्याशिवाय मला राहवेना. दुसऱ्याच फेऱ्याला इंजिन उठलं. ठप्, ठप्, ठप् — मोकळं, खणखणीत, कोसावर ऐकू जाईल असं. पाइपातून पाणी आलं आणि पाटात पडलं. मला आनंद झाला. हे लपवून काय उपयोग? त्या क्षणी मला आनंदच झाला.

माय पळत आली. पाण्याकडे बघितलं, इंजिनाकडे बघितलं, आणि वेशीकडे तोंड करून तिनं कपाळाला हात लावला. “बघितलं? गाडी शिवाराबाहेर गेली आन् इंजान चालू झालं.” आबांनी पागोटं काढून घाम पुसला. शेजारच्या रानातली माणसं आली. मायनं गूळ आणला, सगळ्यांच्या हातावर ठेवला. माझ्याही. जो येई तो तेच म्हणे — बाई गेली आणि झालं. मी मान हलवत होतो. कुणी म्हणालं, बापू, तू काय केलंस रे? मी म्हणालो, “काय न्हाई. हँडल मारलं.”

चालू झालं की दुसऱ्या दिवशी गाडी धाडतो, असा आबांचा शब्द होता. पण ती गेल्यामुळेच जे चालू झालं, त्यासाठी तिला परत कोण आणणार? आठवडाभरानं आबांनी विषय काढला. माय म्हणाली, “पुन्ना बंद पडलं तर?” दोघांनी माझ्याकडे बघितलं. इंजिनाचं मला कळतं ना! मी म्हणालो, हळद निघू द्या. हळद निघाली. मग म्हणालो, शिजवून वाळवून होऊ द्या. मग माझं लग्न निघालं, आणि लग्नघरात विधवा सून नको म्हणून मीच — नाही, माय म्हणाली. मी गप्प बसलो. पुढं आबा गेले. त्यांच्यामागं रझाकारांचे ते वाईट दिवस आले, माणसं गावं सोडून पळू लागली, आणि मला कारण शोधायची तसदीही उरली नाही. इंजिन नीट चालत होतं. नळीला मी तारेची जाळी बसवली होती. गावात म्हणत, बापूसारखा इंजिनातला जाणता नाही.

ती मला एकदाच भेटली. निजामाचं राज्य गेलं त्याच हिवाळ्यात, कळमनुरीच्या बाजारात. पोत्यावर मिरच्यांचा ढीग मांडून बसली होती. भावजयीच्या मिरच्या. वाळली होती, पुढचे दात गेले होते. मी वळून जाणार होतो, तेवढ्यात तिनंच हाक मारली, “बापू!” — तोच आवाज, भाकरी वाढतानाचा. मी जवळ जाऊन उभा राहिलो. तिनं सगळ्यांचं विचारलं. मायचे गुडघे कसे आहेत, माझ्या लेकराचं नाव काय ठेवलं. मग हसून म्हणाली, “आन् नवरी बरी हाय ना?”

मी म्हणालो, बरी आहे.

ती मिरच्यांची देठं काढत होती. खाली बघतच म्हणाली, “त्या दिशी गाडी वढ्यात उतरली आन् ठोके कानावर आले बघा. मारुती म्हणला, वैनी, इंजान चालू झालं. मला लई बरं वाटलं. हळद वाचली म्हणलं.” मग पुढची मिरची उचलली. “मामंजींनी शब्द दिलता ना, चालू झालं की आणतो. मला वाटलं, आता कोन तरी माघून पळत येतंय. मारुतीला म्हणलं, हळू हाक बाबा, येणाराला गाठाया बरं पडंल.”

आणि ती हसली, स्वतःलाच हसावं तशी. फडक्याचं तिनं काही विचारलं नाही.  मग म्हणालो, येतो वैनी. आणि आलो.

ओढ्यापासून पुढच्या फाट्यापर्यंत मारुतीनं गाडी हळू हाकली असणार. ती मागं बघत बसली असणार. आणि मी विहिरीवर उभा राहून गूळ खात होतो.